एका चुलीची सुपारी

खोली मिळाली तेव्हा मला पहिला संशय आला तो मालकिणीचाच. बोईसरमधल्या आधीच्या खोलीतून आम्हाला काढलं होतं, कारण न सांगता, म्हणजे सगळ्या चाळीला कळेल अशा रीतीने. त्यानंतर कंपनीतल्या एका बाईच्या ओळखीने मी आणि सरला तारापूरच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका मच्छीमार गावात आलो. हिरामावशीने आमच्याकडे एकदा बघितलं, चटईवर वाळत घातलेली सुकट हाताने पसरत म्हणाली, "दोघीच का? बरं हाय. गडबड नको, गडी नको." आणि किल्ली दिली. एवढ्यावर कोणी खोली देतं का? मी आठ दिवस नीट झोपले नाही. सरला म्हणायची, "अगं, एखादं माणूस साधं पण असतं." मी म्हणायचे, असेल, पण आपल्याच वाट्याला कशाला येईल?

लोक म्हणतात, आठवणी म्हातारपणी लिहाव्यात. मी अजून तेवढी म्हातारी नाही. पण आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मला एक भीती आहे, की आपण शिकलेलं जसं विसरलो तसं जगलेलंही विसरून जाऊ. म्हणून लिहून ठेवते आहे. शुद्धलेखन कोणीतरी बघेलच.

माझं गाव हिंगोलीकडचं. वडील गेले, शाळा दुसऱ्या गावाला होती, आणि दादा एकटा कमावणारा. मग ओळखीच्या बायकांबरोबर मी बोईसरला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला आले. दिवसभर गोळ्यांची पाकिटं पुठ्ठ्याच्या डब्यात भरायची. सरला धुळ्याकडची. ती माझ्या समोरच्या टेबलावर होती आणि सुपरवायझरची पाठ वळली की त्याच्यासारखी मान हलवून दाखवायची. आमचं कधी, कसं जुळलं ते मी इथे लिहिणार नाही. दोन माणसांचं जसं जुळतं तसं जुळलं. लिहायचं आहे ते पुढचं.

मावशीचं घर आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच अंगण. अंगणात बांबूच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळवायचे मांडव, आणि पलीकडे सुरूची झाडं. सकाळी होड्यांची इंजिनं सुरू व्हायची, त्यांचा फटफट आवाज पाण्यावरून यायचा. मग कावळे. मग मावशीचा आवाज, जो कावळ्यांना आणि तिच्या मुलाला, किरणला, सारख्याच सुरात हाकलायचा. पहिल्या वर्षी मला माशांच्या वासाने जेवण जायचं नाही. दुसऱ्या वर्षी सुट्टीला घरी गेले तर आमच्या अंगणात काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, आणि ते काय ते आईला सांगायची लाज वाटली.

मावशी वाटी पाठवायची. कधी कालवण, कधी तांदळाची भाकरी, कधी नुसतं तळलेल्या मांदेल्यांचं ताट. मी वाटी रिकामी परत करायची नाही. आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी नाहीतर ज्वारीच्या भाकरीचा चतकोर घालून द्यायची. मला एकदा तापाने घेरलं तेव्हा सरला दुसऱ्या पाळीला होती, आणि मावशीने माझ्या उशाशी बसून कपाळावर ओली फडकी ठेवली. तिच्या हाताला मिठाचा वास होता. मी तिची फार आभारी होते. पण माझं असं आहे की कोणी चांगलं वागलं की मला त्याची भीती वाटायला लागते. वाटी घेऊन आली की माझी नजर आधी तिच्या नजरेवर जायची. ती कुठे बघते? पलंग एकच आहे हे बघते? मच्छरदाणी एकच आहे हे बघते? सरला हसायची. "तू बाई नाहीस, सीसीटीव्ही आहेस."

त्यात मावशीला आमची लग्नं लावायची फार हौस. "उषे, माज्या भावसाचा पोरगा हाय सफाल्याला. रेल्वेत चिकटलाय. पोट जरा पुडं हाय, पन दारू नाय." सरला लगेच विचारायची, "पोट किती पुढं, मावशी? दारातून आत येतं ना?" मावशी तिच्या पाठीत धपाटा घालायची. मी हसायचे आणि मनात म्हणायचे, ही मुद्दाम विचारते. हिला सगळं माहीत आहे, ही आमच्या तोंडून काढायला बघते.

त्या वर्षी दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने सांगितलं होतं, आमच्यासारख्यांच्या लग्नाचा कायदा करणं हे कोर्टाचं काम नाही, ते कायदे करणाऱ्यांनी बघावं. सरलाच्या मोबाइलवर एका रविवारी मुंबईच्या एका ताईची मीटिंग होती. आम्ही आवाज बारीक करून ऐकली. ताई म्हणाली, कायदा करणारे लोकांकडे बघतात, आणि लोक म्हणजे कोणी परके नव्हेत, तुमच्या ताटात जेवलेली माणसं. त्यांच्यापासून सुरुवात करा. वाद घालू नका, आपलं सांगा. सरलाचे डोळे चमकले. मला त्या ताईचाही संशय आला. तिच्या मागे पुस्तकांचं मोठं कपाट दिसत होतं. तिला काही खोली सोडावी लागणार नव्हती. तरी तिचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

पहिलं सांगितलं ते पुष्पाला. पुष्पा जौनपूरची, आमच्याच टेबलावरची. शिफ्टच्या बसमध्ये सरलाने तिला सरळच सांगून टाकलं. पुष्पाने डब्यातलं लोणचं चाटत विचार केला आणि म्हणाली, "तो शादी कर लो ना. रोका किसने है?"

"सरकारने," सरला म्हणाली.

"सरकार को क्या पड़ी है? रोटी सरकार बेलती है क्या?" मग खरोखरच्या काळजीने, "अच्छा, ये बताओ, बरतन कौन माँजता है? क्योंकि मेरे वाले ने तो आज तक एक गिलास नहीं धोया." सरला हसून हसून सीटवरून घसरली. मी पुढचे चार दिवस कँटीनमध्ये पुष्पा कोणाच्या कानाशी लागते ते बघत होते. ती लागत होती, पण कोणाला कसलं लोणचं हवं ते विचारायला. माझा जीव तरीही खाली पडला नाही.

दादाला मी फोनवर सांगितलं. तो ऐकत होता की फोन बाजूला ठेवून गेला होता तेच कळेना. मग म्हणाला, "कामून सांगतीस मला हे? आईच्या कानावर जाऊ देऊ नको." आणि फोन ठेवला. त्यानंतर तो फोन करायचा थांबला नाही, हेच मला जास्त टोचायचं. दर रविवारी करायचा, पण बोलणं एकच. "जेवलीस का?" जेवले. "बरं." पूर्वी तो "जेवलात का" म्हणायचा, कारण सरला शेजारी असायची आणि तिला तो माझी मैत्रीण म्हणून ओळखायचा. आता "जेवलीस". एका शब्दात त्याने सरलाला ताटावरून उठवलं होतं. माझ्या मनात यायचं, फोन करतो तो प्रेमाने नव्हे, मी कुठवर गेले ते तपासायला.

मावशीला सांगायचं नाही असं मी बजावलं होतं. तिथे खोलीचा प्रश्न होता. बोईसरची चाळ सुटली तेव्हा निदान पुढे जायला हे गाव होतं. हे सुटलं तर कुठे? पण किरणचं लग्न ठरलं, आणि मावशी रोज वलांडीखाली बसून म्हणू लागली, "आता किरनचं झालं का तुमचं. सफालेवाल्याला बोलावतेच हलदीला. बघून घे उषे, मग नाय बोल." एका सुट्टीच्या सकाळी आम्ही तिघी बोंबील टांगत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. मावशी ज्या वेगाने अडकवायची त्या वेगाने मला गोळ्यांची पाकिटंही भरता यायची नाहीत. सफाळेवाल्याचं पोट पुन्हा निघालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, मी लग्न नाही करणार. मी सरलाबरोबर आहे. बाई-गडी राहतात तशा आम्ही राहतो. कायद्यात असतं तर तिच्याशीच केलं असतं."

मावशीचे हात थांबले नाहीत. ती जोडी टाकत राहिली. सरलाला शांतता सहन होत नाही. ती हातातली जोडी दाखवून म्हणाली, "हे बघा ना मावशी, ह्यात नर कोण, मादी कोण, कोण बघतं?"

"मासली हाय ती," मावशी म्हणाली. "मानसाची गोस्ट येगली." टोपली रिकामी झाल्यावर ती उठली, हात धुतले आणि घरात गेली.

त्यानंतर वाटी आली नाही. लग्नघर होतं, पाहुणे होते, तिला वेळ नसेल असं सरला म्हणत होती. मी वाट बघत होते ती "खोली खाली करा" या शब्दांची. अंगणातून गेलं की मावशी आणि तिची धाकटी जाऊ बोलता बोलता गप्प व्हायच्या. एकदा तर मी नळावर असताना जावेचं एवढंच ऐकू आलं, "लोक इचारतील, मग काय सांगशील?" आणि मावशी म्हणाली, "मी बघते." काय बघणार होती? मी त्या संध्याकाळी पलंगाखालची बॅग काढून पुसून ठेवली. सरलाने ती परत पलंगाखाली सारली. मी परत काढली.

मग आवतण आलं. हळदीच्या आधी घरातल्या बायका ताट घेऊन गावात दारोदार जातात. ताटात हळदीच्या पिवळ्या अक्षता आणि सुपाऱ्या. सरला कामावर होती. मावशी आणि जाऊ दाराशी उभ्या राहिल्या. आदल्या वर्षी मावशीच्या मुलीच्या लग्नात तिने आम्हा दोघींच्या हातावर एकेक सुपारी ठेवली होती, ते मला पक्कं आठवत होतं. या वेळी तिने माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि एकच सुपारी. "सोमवारी हलद, मंगलवारी लगीन. यायचं," म्हणाली आणि वळली. जाऊ माझ्याकडे बघत होती. मावशी बघत नव्हती.

आमच्या हिंगोलीकडे आवतणाचे दोन प्रकार. एक घरटी आवतण: घरातलं एक माणूस जाऊन जेवून येतं. दुसरं चूलबंद: सगळ्या घराला बोलावणं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. पण चूलबंद असलं की बोलावणारा दारात उभा राहून मोठ्याने सांगतो, "चूलबंद बरं का!" मावशीने तसं काही म्हटलं नव्हतं. एक सुपारी, एक माणूस. मला तिचा डाव स्वच्छ दिसला. हाकलायचं तर बोलणं होईल, म्हणून आधी वेगळं करायचं. एकीला मांडवात बोलवायचं, सफाळेवाल्यासमोर बसवायचं, दुसरीला खोलीत ठेवायचं. सगळ्या गावाला न बोलता कळेल.

सरला आली तेव्हा सुपारी पलंगावर ठेवून मी तिला सगळं सांगितलं.

"जाऊन विचार ना," ती म्हणाली.

"काय विचारू? आम्हाला दोघींना का नाही बोलावलं, असं भिकाऱ्यासारखं विचारू?"

"मग मी विचारते."

"विचारलंस तर मी गावाला निघून जाईन."

सरलाने नवीन साडी घेतली होती, जांभळी, किरणच्या लग्नासाठी म्हणून. ती घडी उलगडून बघायची आणि परत ठेवायची. हळदीच्या दिवशी आम्ही दार लावून बसलो. बाहेर बेंजो वाजत होता, बायका नाचत होत्या, आमच्या भिंतीचा पोपडा हादरून खाली पडला. एकदा कोणीतरी दारावर थाप मारली. मी सरलाचा हात घट्ट धरून ठेवला. थाप मारणारं माणूस निघून गेलं.

मंगळवारी सकाळी मांडवात वड्यांचा घाणा सुरू झाला. आमची खोली त्या वासाने भरून गेली. सरला हट्टाने जांभळी साडी नेसून पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी गॅस पेटवला. चूल म्हणजे आमचा तोच, दोन बर्नरचा. लसूण ठेचला, नेहमीपेक्षा जास्त. खिडकी उघडी ठेवली, मुद्दाम. फोडणी अशी दिली की अर्ध्या मांडवाला ठसका लागावा. पिठलं हलवताना मला वाटत होतं, कळू दे, ह्या घरातही जेवण होतं, आम्ही कोणाच्या दारात पान मांडून बसलेलो नाही.

दार धाडकन उघडलं. मावशी. अंगावर भरजरी लुगडं, नाकात नथ, केसांत अबोलीचा भलामोठा गजरा, आणि चेहरा वादळात होडी अडकावी तसा.

"काय चाललंय गो?"

"स्वयंपाक," मी म्हणाले.

"कोनासाटी?"

"आमच्यासाठी."

तिने पुढे होऊन गॅसचं बटण फिरवलं. पिठल्यावर एक शेवटचा बुडबुडा आला आणि बसला. "माज्या अंगनात मांडव. नवरा उबा राहायचा हाय. आनि माज्या सुपारीची चूल पेटलेली? भरल्या मांडवात माजी शोबा करतीस? आचारी मना इचारतो, मावशे, त्या घराला आवतान नाय का दिलंस? काल पोरीला धाडली बोलवायला, दार नाय उगडलंव!"

"सुपारी एकच दिली होती," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले.

"एकच देतात. चुलीला एक. सगल्या गावाला एकच दिली."

"गेल्या वर्षी दोन दिल्या होत्या."

मावशीच्या कपाळावर आठ्या होत्या, त्या हळूहळू गेल्या नाहीत, तशाच राहिल्या. "गेल्या वर्सी तुमी दोन भाडेकरनी होतीव," ती म्हणाली. "खोली एक, पन मानसं दोन येगली. म्हनून दोन. आता तूच सांगलंस ना मना वलांडीखाली, आमी एक घर हाव म्हनून? का खोटं सांगलंस?"

पलंगावरून सरला म्हणाली, "खरं सांगितलं, मावशी."

"मग?" मावशी म्हणाली. "माजी जाव सांगत व्हती, दोन दे, लोक इचारतील. मी बोलले, चूल एक तर सुपारी एक. तिनं तोंड वाकडं केलं, अजून तसंच हाय, जा बघ." मग तिचा आवाज जरा उतरला. "मना कलत नाय गो तुमचं. खोटं कशाला बोलू. मी काय कोर्ट नाय. कलत नाय म्हनून वाटी पन नाय पाटवली, काय बोलायचं तेच सुचंना. पन माज्या अंगनातली चूल मी मोजायची का नाय?" आणि एकदम पहिल्या सुरात, "झाकन ठेव त्याच्यावर. आनि तोंड पूस, गालाला बेसन लागलंय. सरले, ह्या बयेला साडी नेसव. लगीन काय तुमच्यासाटी थांबनार हाय?"

माझं सगळं शंकेखोरपण त्या दिवशी गेलं असं म्हटलं तर ते खरं नव्हे. मांडवात शिरताना मी प्रत्येक तोंडाकडे बघत होते. दोन बायका आमच्या पंगतीतून उठून दुसरीकडे बसल्या. त्यांना पंख्याखाली बसायचं होतं का आमच्याजवळ बसायचं नव्हतं, ते मी आजही ठरवू शकलेले नाही. जावेचं तोंड खरंच वाकडं होतं, पण वडे तिने दोघींनाही वाढले, मोजून सारखे. सफाळेवाला आला होता. पोट होतं, दारातून आलं होतं. मावशीने त्याला आमच्याकडे आणलं नाही. आहेराला घराघराचं नाव पुकारत होते, तेव्हा आमच्यापाशी येऊन पुकारणारा अडखळला, त्याने मावशीकडे बघितलं, आणि मावशी तिथूनच ओरडली, "उशा-सरलाचं घर! पुडं चल!" आम्ही दोघी एकदमच उठलो.

अजूनही कायद्यात आमचं काही लिहिलेलं नाही. त्या मुंबईच्या ताईने सांगितलेलं काम संपलेलं नाही, आणि मावशी अजूनही मधूनच म्हणते, "मना कलत नाय." पण कोणाशी बोलायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते फिरवलेलं बटण येतं. मी तिला थोडंसंच सांगितलं होतं आणि तिने ते माझ्यापेक्षाही नीट ऐकलं होतं.

लग्नाच्या त्याच दुपारी मांडवातच दादाचा फोन आला. रविवार नव्हता, आईची गोळी संपली होती, कोणती आणायची ते त्याला हवं होतं, मी औषधांच्या कंपनीत म्हणजे मला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. बेंजोच्या आवाजात मी एक कान दाबून धरला. गोळीचं झाल्यावर सवयीने तो म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. "लग्नात आहे, घरमालकिणीच्या. आज चूल बंद."

आमच्या गावातल्या माणसाला चूलबंद म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. दादाच्या मागे आमची म्हैस ओरडली, आईने कोणाला तरी हाक मारली.

"एकीला का दोघीला?" त्याने विचारलं.

"घराला," मी म्हणाले.

बेंजो मधेच थांबला होता, दुसरं गाणं सुरू व्हायचं होतं. तेवढ्या शांततेत दादा घसा साफ करून म्हणाला, "मंग नीट जेवा."